व्याह्यांचा ट्रक आणि माझ्या हरकती

कायद्याच्या पुस्तकांत जितकी बंधने छापलेली आहेत, त्यांपैकी एकही माझ्या व्याह्यांनी जाणूनबुजून मोडलेले नाही. त्यांनी ती सर्व नकळत, हसतमुखाने आणि समोरच्याच्या हातावर चिकू ठेवता ठेवता मोडली आहेत. मी तालुक्याच्या न्यायालयात चौतीस वर्षे कारकुनी केली. त्या काळात खोटी साक्ष देणारे पाहिले, रातोरात बांध सरकवणारे पाहिले, एकच बैलजोडी दोघांना विकणारेही पाहिले. परंतु आपल्या हातून काही गैर घडत असावे, अशी पुसटशी शंकाही ज्याच्या चेहऱ्यावर कधी उमटली नाही, असा इसम मला उभ्या आयुष्यात एकच भेटला आणि माझी एकुलती एक मुलगी मी त्याच्याच घरी दिली. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे आवाज चढवायचा नसतो. हा दंडक कोणत्याही अधिनियमात नाही, तरी मी तो पाळतो. म्हणून व्याह्यांना जे जे बोलावेसे वाटले ते ते मी लेखी कळवले, आणि पुढेमागे पुरावा लागलाच तर असावा म्हणून प्रत्येक पत्र पोचपावतीसह रजिस्टर टपालाने धाडले. २०१५ ते २०१९ या काळात अशी एकेचाळीस पत्रे उधव्याच्या माझ्या घरून त्यांच्या वाडीवर गेली. उत्तर एकाचेही आले नाही. आल्या त्या त्यांच्या सहीच्या एकेचाळीस पोचपावत्या. त्या मी तारखेच्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवल्या आहेत.

त्यांची चिकूची वाडी डहाणूहून वरोरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. चिकू हे अत्यंत बेशिस्त झाड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आंब्याला हंगाम असतो, भाताला असतो. चिकू मात्र बारा महिने धरतो आणि बारा महिने उतरवावा लागतो. परिणामी व्याह्यांना उभ्या आयुष्यात सुट्टी ठाऊक नव्हती. मुलाच्या लग्नाला ते वऱ्हाड घेऊन उधव्याला आले, तोच त्यांचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास. अक्षता पडताक्षणी ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "व्याहीबुवा, राग मानू नका, पण दुपारची तोड राहिलीय," आणि निम्मे वऱ्हाड घेऊन चालते झाले. पंगतीला मांडलेली चाळीस पाने उचलावी लागली. त्याबद्दलचे माझे पत्र हे आमच्या पत्रव्यवहाराच्या मोजणीत मी धरलेले नाही, कारण ते साध्या टपालाने गेले होते.

तर या घरबशा गृहस्थाचा माल मात्र सगळा उत्तर हिंदुस्थान पाहून येई. जयपूरच्या मंडईत एका आडत्याकडे त्यांच्या पेट्या वर्षानुवर्षे जात. प्रत्येक पेटी भरून झाली, वर गवत पसरले, की व्याही खिशातून एक चिठ्ठी काढून त्यात खोचत. चिठ्ठीवर मराठीत लिहिलेले असे: "माल कसा पोहोचला ते कृपया कळवावे." खाली नाव आणि वाडीचा पत्ता. हा प्रकार त्यांच्या तरुणपणापासून चालू होता आणि एकाही चिठ्ठीला कधी उत्तर आले नव्हते. पैसे येत, हिशेब येई, पण चिकू कसा होता हे कोणी कळवीत नसे. मी एकदा त्यांना शांतपणे विचारले, "जयपूरच्या माणसाला मराठी वाचता येत नसेल, हा विचार आपल्या मनात कधी आला नाही का?" ते म्हणाले, "घेईल की कोणाकडून वाचून. तुमची कायद्याची पत्रं मला तरी कुठे कळतात? मीही वाचूनच घेतो ना!"

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ओटीवर जाहीर केले की आता आपण स्वतःच जयपूरला जाऊन विचारून येणार. मी तत्काळ रेल्वेचे वेळापत्रक आणून दिले. ते त्यांनी कौतुकाने चाळले आणि परत केले. "चिकू ट्रकने जातो. मी रेल्वेने गेलो तर वाटेत त्याचं काय होतं ते मला कसं कळायचं?" मग वाटेत उतरायला चांगली हॉटेले आहेत, असे मी सुचवले. तर म्हणाले, "हॉटेलात उतरलो की मी पाहुणा झालो, व्याहीबुवा. मला माल म्हणून जायचंय." हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले. न्यायालयात इतक्या माणसांचे जबाब माझ्या हातून गेले, पण आपणांस मालवाहतुकीच्या व्याख्येत बसवून घ्यावे अशी मागणी करणारा अर्जदार मला तिथे भेटला नव्हता.

२०१५च्या दिवाळीत त्यांनी एक जुना दहाचाकी ट्रक विकत घेतला. त्यांचेच चिकू वाहून वाहून तो म्हातारा झाला होता, म्हणून त्यांना त्याच्याविषयी माया. त्या ट्रकमध्ये घर करायचे, त्यात झोपायचे, रांधायचे, आणि विजेच्या तारेशी, नळाशी, खाणावळीशी कसलाही संबंध न ठेवता जयपूर गाठायचे, असा बेत होता. पत्र क्रमांक एक मी त्याच आठवड्यात रवाना केले. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा कोणताही फेरफार पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही, मालवाहू वाहनात माणसांना निजवता येत नाही, आणि घरगुती वापराचे सिलिंडर वाहनात ठेवणे हा तर अपराध आहे, हे सर्व मी सविनय निदर्शनास आणले. आठ दिवसांनी पोचपावती आली. सही ठसठशीत, रेघेवर बसवल्यासारखी.

पुढे जे घडले त्याने माझा संताप अनावर झाला. ट्रकची बांधणी करणारे कुशल कारागीर महामार्गावर जागोजागी आहेत. ते सोडून या गृहस्थांनी वरोरहून होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार आणला. का? तर तो त्यांच्या वाडीचे चिकू गेली तीस वर्षे आवडीने खात असे. त्या सुताराने आयुष्यात काटकोन पाहिला नव्हता. त्याने ट्रकच्या पाठीवर होडीसारख्या वाकड्या फासळ्या उभ्या केल्या, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासली, प्रत्येक मांडणीला दोन बोटे उंच काठ ठेवला आणि तळाच्या मधोमध एक भोक पाडून त्याला लाकडी बूच बसवले. मी विचारले, "हे कशासाठी?" त्याने रंधा थांबवला. "साहेब, पाणी आत आलं तं भायेर जावाला वाट नको?" मी म्हटले, "हा ट्रक आहे. तो पाण्यात जाणार नाही." "आज नाय जाणार," तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारू लागला. पुढच्या टोकाला त्याने चक्क चार काट्यांचा लोखंडी नांगर लटकवला. उतारावर उभे राहायची वेळ आली तर ब्रेकवर भरवसा ठेवू नये, असे त्याचे म्हणणे. वर नारळी पौर्णिमेआधी हा ट्रक जागचा हलवायचा नाही, अशी त्याने अट घातली; आणि व्याह्यांनी ती पाळली! नऊ महिने थांबून, नारळी पौर्णिमेला पुढच्या चाकांवर नारळ वाढवून, ट्रक वाडीतल्या वाडीत बारा हात पुढे नेण्यात आला. पत्र क्रमांक अकरा: "सदर वस्तू वाहन आहे की नौका, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत करावा. नौका असल्यास नोंदणीचे कार्यालय निराळे आहे." पोचपावती आली.

छपरावर सौर विजेची तावदाने चढली, फासळ्यांच्या मागे पाण्याची टाकी बसली, मागच्या दारी मोरी झाली. मग व्याह्यांनी सरावाचा मुक्काम करायचे ठरवले. घरापासून वीस पावलांवर, आपल्याच वाडीत, आठ दिवस ते ट्रकमध्ये राहिले. नुसते राहिले असते तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण आपण प्रवासात आहोत, असे म्हणून त्यांनी घरच्या नळाचे पाणी, घरची वीज आणि घरची माणसे, तिन्ही वर्ज्य केली. विहीणबाई आमटीचे पातेले घेऊन ट्रकच्या पायरीशी गेल्या. आतून प्रश्न आला, "बाई, गाव कोणतं हे?" विहीणबाईंनी पातेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, "पालनपूर. आमटी घ्यायची तर घ्या, नाहीतर पालनपूरच्या म्हशीला घालते." मी त्या वेळी ओटीवर बसलो होतो. माझी मुलगी तोंडाला पदर लावून आत पळाली. पाचव्या दिवशी टाकीचे पाणी संपले, तेव्हा हा प्रवासी बादली घेऊन शेजारच्या वाडीवर पाणी मागायला गेला, स्वतःची विहीर ओलांडून. ज्या घरात मुलगी दिली त्या घरचा कर्ता पुरुष भरदुपारी बादली घेऊन परक्याच्या दारी उभा आहे, हे दृश्य मुलीच्या बापाने कसे सहन करावे? त्या प्रसंगावर मी तीन पत्रे खर्च केली.

शेवटी, २०१७च्या पावसाळ्यात, नागरिक या नात्याने मी परिवहन कार्यालयाकडे रीतसर हरकत-अर्ज दाखल केला. नऊ मुद्दे, स्वच्छ अक्षर, प्रत व्याह्यांना. त्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, सासऱ्यांविरुद्ध अर्ज? अहो, मी इथे राहते!" मी म्हणालो, "अर्ज व्यक्तीविरुद्ध नाही, वाहनाविरुद्ध आहे." तिने फोन ठेवला आणि पुढे महिनाभर केला नाही. मी मनाची तयारी करून बसलो होतो. चौथ्या दिवशी व्याही जावयांच्या मोटारसायकलवर मागे बसून उधव्याला आले, मांडीवर चिकूची करंडी. पायरी चढताना ते जरा अडखळले. मला वाटले, रागाने. ओटीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय अर्ज लिहिलाय हो! त्या ऑफिसातल्या साहेबांनी मला पूर्ण वाचून दाखवला. चौथा मुद्दा, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट कुठेय, हा तर मला सुचलाच नव्हता. सुताराला लगेच दार पाडायला सांगितलं." शत्रूने शरण यावे, प्रतिकार करावा, निदान रुसून तरी बसावे. परंतु शत्रूच जर तुमच्या अर्जाचे कौतुक करू लागला तर प्रकरण चालवायचे कसे?

माझ्या अर्जाने एवढे मात्र झाले की नोंदणी बदलून घेण्याचा व्याह्यांचा कागद अडकला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने नांगराकडे बराच वेळ पाहिले, तळातले बूच काढून पुन्हा लावले, आणि "हे कशात बसवायचं ते वरून विचारून घेतो" असा शेरा मारून तो चिकू घेऊन गेला. वरून कोणी काही सांगितले नाही. दीड वर्ष गेले. ट्रक वाडीत उभा, आणि रोज सकाळी व्याही त्याच्या काचा पुसत असत, असे मुलगी सांगे. विजय माझा झाला होता. तो मला फारसा रुचला नाही, हेही येथे नमूद करतो.

२०१८च्या हिवाळ्यात आमच्या तलासरी-डहाणूच्या भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. एक बसला, दुसरा बसला, आणि मग ती रोजची गोष्ट झाली. गावोगाव लोकांनी अंगणात ताडपत्र्या ताणून संसार बाहेर मांडला. मी सर्व कार्यालयांना पत्रे लिहिली. प्रत्यक्ष जबाबदार पक्ष जमिनीखाली असल्याने त्याच्यावर नोटीस बजावता येत नव्हती. एका दुपारी जेवून उठतो न उठतो तोच असा हादरा बसला की फडताळातली पुस्तके अंगावर आली आणि मागची भिंत कौलापासून जोत्यापर्यंत चिरली. मी अंगणातल्या खुर्चीवर, मांडीवर पोचपावत्यांची माळ आणि पेन्शनचे कागद घेऊन, एकटा बसून राहिलो. पत्नी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. ऊन कलायच्या आत रस्त्याच्या वळणावर नांगर दिसला, आणि त्याच्यामागून ट्रक.

जावई चालवीत होते, व्याही शेजारी बसले होते. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नोंदणीपत्रात बदल झालेला नसताना हे वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणलेत? कोणाच्या परवानगीने?" व्याही खाली उतरले, माझ्या चिरलेल्या भिंतीच्या दिशेने तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "दंड भरू आपण. आधी आत बसा." मी म्हणालो, "मी निषेध नोंदवून बसत आहे." ते म्हणाले, "नोंदवा. आत फळी आहे लिहायला."

आणि खरोखरच फळी होती. विहीणबाई आत चहा टाकून बसल्या होत्या. ट्रकमध्ये निजायच्या तीन जागा होत्या. दोन व्याही-विहिणीच्या. तिसरी नेमकी माझ्या लांबीची. मुलीने माझा एक जुना सदरा आणि धोतर सुताराला मापासाठी गुपचूप दिले होते. त्या जागेच्या डोक्याशी बिजागरीवर उघडमिट होणारी लिहिण्याची फळी, तिला दोन बोटे उंच काठ, दौत घसरू नये म्हणून. "ही कोणासाठी?" मी विचारले, विचारायला हवे म्हणून. "तुमचीच," व्याही म्हणाले. "हरकत घ्यायला माणूस बरोबर नको का?" फळीखालच्या खणात माझी सर्व पत्रे होती. प्रत्येक मुद्द्यापुढे तांबड्या पेन्सिलीची खूण, आणि विहीणबाईंच्या अक्षरात "झालं". सिलिंडर काढला: झालं. दुसरे दार: झालं. पाणी उकळायची सोय: झालं. माझे पत्र येईपर्यंत सुतार काम थांबवून बसायचा, असे मला तेव्हा कळले. त्याच्याकडे दुसरा नकाशाच नव्हता.

त्या ट्रकमध्ये आम्ही सव्वा महिना काढला, माझ्याच अंगणात. जमीन हादरली की भिंतींच्या घरातली माणसे ओरडत बाहेर येत. आमचा ट्रक नुसता डुलायचा, आणि वाकड्या फासळ्यांत ठेवलेली एक वाटीसुद्धा पडत नसे. एका सकाळी व्याही शेजाऱ्यांना चिकू वाटायला गेले असता विहीणबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "व्याहीबुवा, मी सांगितलं म्हणून यांना कळू देऊ नका. यांची नजर जातेय."

"कशाने?"

"काचबिंदू. वापीच्या डॉक्टरांकडे जातो आम्ही, दोन वर्षं झाली. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात, आहे तेवढी टिकवायची. जयपूर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच घेऊन बसलेत."

"दोन वर्षे! आणि मला कळवले नाही?"

"मी म्हटलं होतं, व्याह्यांना सांगू या. तर म्हणाले, त्यांना कळलं तर ते हरकती मागे घेतील, आणि मग ट्रक कच्चा राहील."

मी ट्रकमधून उतरलो, अंगणातल्या खुर्चीवर बसलो आणि मांडीवर पोचपावत्यांची माळ घेतली. चाळीस पावत्या तारखेच्या क्रमाने पाहिल्या. पहिल्या दहांवर सही रेघेवर बसलेली. सोळाव्यापासून शेवटचे अक्षर खाली उतरू लागलेले. पंचविसाव्यावर निम्मी सही चौकटीबाहेर. अडतिसाव्यावर तर ती टपालखात्याच्या छापील मजकुरावरून आडवी गेलेली. ज्या मनुष्याने चौतीस वर्षे लोकांच्या सह्या पडताळण्याचा पगार घेतला, त्याच्या हातात हा पुरावा महिन्यामागून महिना स्वतःहून येत होता, आणि त्याने दर वेळी फक्त तारीख पाहून तो दोऱ्यात ओवला होता. मी आयुष्यात अनेकांवर रागावलो आहे. त्या सकाळइतका कोणावरही नाही.

दुपारी मी पत्र क्रमांक एकेचाळीस लिहिले. माझ्या सर्व हरकतींची पूर्तता झाली असल्याने मी त्या बिनशर्त मागे घेत आहे. ज्यांना ते लिहिले ते तीन हातांवर झोपले होते, तरी ते टपालानेच धाडले. मग परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू लागलो. नियमांच्या पुस्तकात खासगी वापराच्या वाहनांची एक यादी आहे आणि तीत 'कॅम्पर व्हॅन' या नावाचा प्रकार मुळातच छापलेला आहे. दीड वर्ष त्या खात्यातल्या एकाही माणसाने आपलेच पुस्तक उघडले नव्हते! मी ते पान टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले, "पण हरकत तर तुमचीच होती ना?" मी म्हणालो, "होती. आणि ती दीड वर्ष निकाली का काढली नाहीत, याबद्दलही मी तक्रार करणार आहे." पुढे दर सोमवारी मी त्या बाकावर जाऊन बसलो. गणपतीच्या आधी बदलाची नोंद झाली. तपशिलाच्या शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले: "नांगर एक (शोभेचा)."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. वाडीची तोड माझ्या मुलीने अंगावर घेतली, जावयांनी चाक धरले. त्यांचा जड वाहनाचा परवाना मी लग्न ठरवतानाच पाहून ठेवला होता. पुढे व्याह्यांच्याच पेट्यांनी भरलेला मालाचा ट्रक, मागे आम्ही. मी नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, सर्व कागदांची फाईल गुडघ्यांवर घेऊन सज्ज बसलो होतो. तलासरी ओलांडली, कोणी अडवले नाही. अख्खा गुजरात ओलांडला, कोणी अडवले नाही. या देशात कागद पूर्ण असलेल्या माणसाची काही किंमतच उरलेली नाही! आबूच्या पुढे एका हवालदाराने हात केला तेव्हा मी आनंदाने फाईलचा दोरा सोडला. त्याने नांगर कशाला आहे एवढे विचारले, दोन चिकू घेतले आणि सलाम ठोकला. पालनपूर आले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, "बघा हो, तुमचं गाव." व्याही खिडकीला नाक लावून बसले. काय दिसत होते त्यांना कोण जाणे. दर अर्ध्या तासाने विचारत, "पुढचा ट्रक दिसतोय का? ताडपत्री नीट आहे ना?" मी पाहून सांगत असे.

जयपूरच्या मंडईत सकाळी पेट्या उतरल्या. व्याह्यांनी आपली पेटी डोळ्यांनी ओळखली नाही. लाकडावर तापल्या लोखंडाने उठवलेली खूण बोटांनी चाचपून ओळखली. आडत्याने फळी उचकटली. वर गवत, गवतात चिठ्ठी.

"ये पर्ची तो हर पेटी में आती है," आडत्या म्हणाला. "इसमें लिखा क्या रहता है, बाबूजी?"

मी माझ्या न्यायालयीन हिंदीत मजकूर समजावून सांगितला. तो मनुष्य हसू लागला. "बस इतना? अरे, माल तो हमेशा बढ़िया आता है! हमारे पिताजी के टाइम से बढ़िया आता है. हिंदी में लिख देते, बता देते!" व्याही चिकूचा हात मळकट सदऱ्याला पुसत होते, पुन्हा पुन्हा. मग मला म्हणाले, "काय म्हणाला तो? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितले. आणि मग आडत्याकडे वळून म्हणालो, "यह ज़बानी नहीं चलेगा. लिखकर दीजिए." त्याने चिठ्ठीच्या पाठीवर "माल बढ़िया" असे दोन शब्द लिहिले. मी सही मागितली, तारीख मागितली, दुकानाचा शिक्का मागितला. व्याह्यांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला, पण मी ती दिली नाही. चिठ्ठीवर 'कळवावे' असे लिहिलेले आहे, आणि कळवायचे ते रीतीने कळवले पाहिजे. ती चिठ्ठी मी फाईलमध्ये ठेवली, परतीच्या वाटेवर मागतील तितक्या वेळा मोठ्याने वाचून दाखवली, आणि उधव्याला पोहोचताच लिफाफ्यात घालून पोचपावतीसह रजिस्टर टपालाने त्यांच्या वाडीवर धाडली.

ते बेचाळिसावे टपाल. आता ट्रक वाडीत उभा असतो, सुतार अधूनमधून येऊन नांगराला तेल लावून जातो, आणि व्याही दुपारी त्यातल्या माझ्या जागेवर पडून असतात, असे मुलगी सांगते. तिचे म्हणणे, आता त्यांना ऊन आणि सावली एवढेच उमगते. पोचपावती आठव्या दिवशी आली. सहीसाठी नेमून दिलेली चौकट पूर्ण कोरी आहे. सही कार्डाच्या पार वरच्या कोपऱ्यात, टपालाच्या शिक्क्यावर, थोडी तिरकी पडलेली आहे. नियमाप्रमाणे अशी पावती परत करावी लागते. मी ती ग्राह्य धरली आहे.